घरचे ज्या शब्दानं टोमणा मारतात तोच शब्द मला आजारातून बाहेर यायला कामी आला. तुमचा कोणता?

खतावणी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको, लिहू की नको करून राहिली होती, आज लिहूनच टाकते. लांबलंय थोडं, चहा घेऊन बसा.

मी नागपूरला महालात राहते, इतवारीत एका ठोक किराण्याच्या दुकानात हिशोब पाहते, सतरा वर्षं झाली. दोन वर्षांआधी पावसाळ्यात मला डिप्रेशन झालं. झालं म्हणजे हळूहळू आधीपासूनच चालू असणार, पण मला कळलं कधी तर एक दिवस सकाळी मी न्हाणीत पाटावर बसून होती, समोर बादली भरलेली, आणि बाहेर पोरगी दार वाजवून राहिली होती की आई शाळेची वेळ झाली, आणि मला तांब्या उचलून अंगावर पाणी घेणं जमतच नव्हतं. रडू पण येत नव्हतं. नुसती बसून. पाणी थंड झालं तरी बसून.

दवाखान्यात दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावर पण कितीतरी महिने चालू ठेवायच्या असतात. मला तिसऱ्या आठवड्यात थोडं हलकं वाटलं आणि मी आपल्या मनानं बंद केल्या. महिन्याभरात परत त्याच पाटावर. हे पहिलेच सांगून ठेवते कारण पुढे मी सगळं स्वभाव स्वभाव लिहिणार आहे, कुणाला असं वाटायला नको की गोळ्यांच्या ऐवजी. ऐवजी नाही, सोबत.

तर दुसऱ्यांदा गेली तेव्हा तिथल्या समुपदेशक ताईंकडे पण पाठवलं. त्यांनी विचारलं, तुमच्यात चांगलं काय आहे असं तुम्हाला वाटते? मला एक गोष्ट सांगता आली नाही हो. एक पण. घड्याळ टिकटिक करून राहिलं आणि मी फरशीकडे पाहून राहिली. रिकाम्या गल्ल्यात हात घालून चिल्लर शोधावी तसं. मग त्यांनी प्रश्नच फिरवला. म्हणाल्या, बरं, घरचे चिडले की तुम्हाला काय म्हणतात?

हे तर मला पाठच होतं. सासूबाई म्हणतात काडीकाडीचा हिशोब ठेवते. नवरा रागात असला की कारकून म्हणतो. माहेरी पण लहानपणी सगळे हिशोबी-हिशोबी करायचे कारण मी भावंडांत बोरं मोजून वाटायची.

ताईंनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, मला रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कशी लिहितात ते शिकवा. मला वाटलं विषय बदलून राहिल्या. पण सांगितलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे म्हणजे खर्च, वरती कालची शिल्लक, आणि दिवस संपला की आजची शिल्लक काढून उद्याच्या पानावर ओढायची. दुकानात सगळं टॅलीवर गेलं त्याला वर्षं झाली पण आमच्या शेठजींना अजूनही लाल कापडी वही लागते, म्हणून मला हाताची सवय आहे. त्या म्हणाल्या, अशीच एक वही तुमची स्वतःची लिहा, पैशाची नाही, दिवसाची.

पहिलं पान माझ्याजवळ आहे. जमा: झोप ४ तास. पोळी दीड. आंघोळ, ११ तांबे. नावे: ३ फोन उचलले नाहीत. भाजी करपली. पोरीवर ओरडली. शिल्लक काय लिहायची ते कळेना तर लिहिलं "बसून आहे".

महिनाभर लिहिल्यावर मागचं पाहिलं तर मला दिसायला लागलं की ज्या रात्री साडेबाराच्या पुढे जागी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी नावे बाजू लांबच लांब. आणि ज्या दिवशी नवऱ्याच्या गाडीवर न जाता बडकस चौकातून पायी दुकानात गेली त्या दिवशी दुपारचा डबा पूर्ण संपलेला. हे मला दहा जणांनी सांगितलं असतं की ताई झोपत जा, चालत जा, तर मी हो हो केलं असतं आणि काही केलं नसतं. माझा कुणाच्या "होईल सगळं ठीक" वर विश्वास बसत नाही, स्वभावच नाही तो. पण माझ्याच अक्षरातला आकडा मी खोटा कशी म्हणू?

मला एवढंच म्हणायचंय की बरं होण्यासाठी मला दुसरी बाई व्हावं लागलं नाही. मोकळी ढाकळी, हसरी, सगळ्यांत मिसळणारी वगैरे. मी होती तशीच हिशोबी राहून बरी होऊन राहिली आहे.

तुम्हाला घरचे काय म्हणतात? आणि ते तुम्ही कधी कामाला लावलं का?

तिखट_तर्री

ताई काय लिहिलंय. मला भांडखोर म्हणतात. आई, बहीण, वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर, सगळे. मी नर्स आहे.

मला पॅनिक अटॅक यायचे, नंतर चिंतेचा आजार निघाला. एकदा ॲडमिट व्हावं लागलं तर विमा कंपनीनं क्लेम नाकारला, मानसिक आजार बसत नाही म्हणे. तोपर्यंत मी इतकी खचलेली होती की कुणी फोन केला तरी छातीत धडधड, पण ते पत्र वाचलं आणि माझ्यातली भांडखोर उठून बसली पहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू, त्यात कलम २१ मध्ये स्वच्छ लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजाराला द्यावा लागेल. तो कागद प्रिंट काढला, खाली लाल पेनानं रेघ मारली आणि पाच महिने मागे लागली. मिळाला.

पैसे मिळाले ते मिळाले. पण त्या पाच महिन्यांत मला अटॅक आले ते मी मोजू शकते इतके कमी. कुणाशी तरी भांडायचं होतं आणि तोवर मी स्वतःशीच भांडून राहिली होती.

पॅनल_ऑपरेटर

मला वहमी म्हणतात. बायको म्हणते दार तीनदा पाहतो, गॅस तीनदा पाहतो.

कोराडीला पॉवर स्टेशनात कंट्रोल रूमला आयुष्य गेलं. आमच्या कामात वहम म्हणजे गुण. काटा थोडा जरी हलला तरी दिसला पाहिजे, कारण युनिट ट्रिप व्हायच्या, म्हणजे बंद पडायच्या आधी काहीतरी इशारा येतेच, तो ज्याला दिसला त्यानं लोड कमी करायचा.

मला बायपोलर आहे, म्हणजे कधी मनाला तेजी चढते, कधी उदासी येते, अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी आजार अंगावर आल्यावरच ओळखायचो, म्हणजे युनिट ट्रिप झाल्यावर. मग एकदा डॉक्टरांसमोर बसून मी आणि बायकोनं यादी केली की तेजी चढायच्या आधी काय काय होते. झोप पाच तासांवर येते पण थकवा नाही. मोबाईलवर गाड्यांच्या किमती पाहायला लागतो. बोलताना समोरच्याचं वाक्य मी पूर्ण करतो. जुन्या दोस्तांना रात्री अकराला फोन. मी त्याला पॅनलसारखं केलं, पिवळे दिवे आणि लाल दिवे. दोन पिवळे एकत्र लागले की बायकोला सांगायचं, तीन लागले की डॉक्टरला फोन, एटीएम कार्ड तिच्याकडे. लाल लागायची वाट पाहायची नाही. सहा वर्षांत ॲडमिट झालो नाही.

नाईट शिफ्टमधून डॉक्टरांच्या पत्रावर सूट घेतली ते पण सांगतो, कारण बायपोलरमध्ये झोप मोडली की सगळं मोडते. मागायला लाज वाटत होती. मागितली.

अजून एक, नागपूरवाल्यांसाठी खास. लिथियमवर (बायपोलरमध्ये देतात ती गोळी) जे कोणी असाल त्यांनी उन्हाळ्यात सांभाळा. आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर जाते, घामानं अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढते. मला एका नवतप्यात हात थरथरायला लागले, उलट्या, चालताना तोल जाऊन राहिला होता, मला वाटलं ऊन लागलं. ते नव्हतं. लेव्हल वाढली होती. तेव्हापासून मार्चच्या शेवटी रक्त तपासतो, पाण्याची बाटली सोबत, मीठ आपल्या मनानं बंद करायचं नाही, आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आयबुप्रोफेनसारख्या काही गोळ्यांनी पण लेव्हल वाढते. वहमी माणूस होतो म्हणून हात थरथरल्याची वेळ लिहून ठेवली होती, डॉक्टरला ती कामी आली.

जुना_महाल

सर्वांचे अनुभव वाचले. माझे वय एकाहत्तर. लहान तोंडी मोठा घास नाही, मोठ्या तोंडी लहान घास समजा. आमच्या वेळी असे काही नव्हते. मन खंबीर ठेवायचे, कामात राहायचे, चांगले विचार करायचे. आताच्या पिढीला प्रत्येक गोष्टीला नाव लागते.

खतावणी

काका, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, राग मानू नका. मी त्या पाटावर बसली होती तेव्हा मन खंबीर ठेवायला मनच हाताला लागत नव्हतं. पाय मोडलेल्याला चाल-चाल म्हटलं तर तो चालत नाही, त्याला वरून लाज पण वाटते की मला साधं चालता येत नाही. "चांगले विचार कर" नं मला तेच झालं. आजार तर होताच, आता तो माझ्याच चुकीनं आहे असंही वाटायला लागलं.

मी गुण म्हणते ते मनाचा जोर या अर्थानं नाही. कुणाकुणाचा गुण खंबीरपणा नसतोच. माझा नाही. माझा वही लिहिणं आहे.

संत्राबाग_आई

मले लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

माह्या लेकराले स्किझोफ्रेनिया आहे. बारावीत होता तवा सुरू झालं. सुरुवातीले भास, आवाज, ते गोळ्यांनी बंद झालं. पण मंग तो नुसता पडून राहे. बोले नाही, आंघोळ नाही, चेहरा असा कोरा. सारे नातेवाईक म्हणे आळशी झाला, लाडावला. मी पण एकदा म्हटलं, त्याचं मले आजही वाईट वाटते. डॉक्टरनं समजावलं का तो आळस नाही, आजाराचाच भाग आहे, आवाज येणं जसं लक्षण तसं हे गप पडणं पण लक्षण, फक्त हे गोळीनं तेवढं लवकर हटत नाही.

मी त्याले घेऊन दवाखान्यात जाई तवा ऑटोवाल्याले मानकापूर सांगो. पागलखाना चौक हा शब्द तोंडातून निघे नाही. मानकापूरले उतरून उन्हात पायी जाऊ आमी दोघं मायलेक. आता सरळ मनोरुग्णालय सांगतो. ऑटोवाला पाहते तर पाहू दे.

स्वभावाचं सांगतो. माह्या पोराले लहानपणी सारे "घोळू" म्हणत. एक काम घेतलं का घोळतच बसे, एक एक वस्तू हातात घेऊन पाहे. तांदूळ निवडायले दिले तर दोन तास. माह्या भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. अंबिया बहाराची तोडणी चालू होती तवा भाऊ म्हणे याले घेऊन ये, घरी काय करते. तिथं संत्रा छाटायचा असते, मोठा वेगळा, मधला वेगळा, डाग असलेला बाजूले. बायका बोलत बोलत भराभर करे. हा एकटा झाडाखाली बसला, एक एक फळ हातात घेई, फिरवे, देठाकडून पाहे, मंग ठेवे. पहिल्या दिवशी दीड क्रेट. कोणी काही बोललं नाही, भावानं सांगूनच ठेवलं होतं. पण त्याच्या क्रेटमधला एक पण फळ दुसऱ्यांदा पाहायले लागला नाही. व्यापारी म्हणे हे कोणी भरलं, हाच माणूस ठेवा.

आता हंगामात तो रोज जाते. चार तास, जास्त नाही, दुपारची गोळी असते, झोप येते त्याले. हंगाम नसला तर परत थोडा गप होते, सारं काही ठीक झालं असं नाही. पण मजुरीचे पहिले पैसे आणले तवा माह्या हातात नाही दिले. म्हणे मले चप्पल घ्यायची आहे. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं "मले पाहिजे" म्हटलं हो.

खतावणी

काकू. मी दुकानात बसून वाचलं आणि मागच्या गोदामात जाऊन रडून आली.

कन्हानकाठ

मी समुपदेशक आहे, चौदा वर्षं हेच काम. वाचत होते, आता राहवलं नाही. संत्राबाग काकू, तुमच्या भावानं जे केलं ते शिकायला आम्हाला वर्षं लागतात.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात १९८० च्या दशकात चार्ल्स रॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांसोबत काम करताना पद्धतच उलटी केली. या माणसात काय बिघडलंय याची यादी बाजूला ठेवून याला काय येतं, काय आवडतं, याच्या आजूबाजूला कोणती माणसं आणि कोणत्या जागा आहेत इथून सुरुवात करायची. काटोलचा मामा, त्याची बाग, कुणी घाई न करणं, हे सगळं त्यात येतं. गुण एकटा काही करत नाही, त्याला जागा लागते. घोळू मुलगा घाईच्या कारखान्यात लावला असता तर दुसऱ्या दिवशी परत पाठवला असता.

आणि बरं होणं म्हणजे काय, यावर १९९३ मध्ये विल्यम अँथनी यांनी जे मांडलं ते मी घरच्यांना नेहमी सांगते. आजारानं घातलेल्या मर्यादा असल्या तरीही समाधानाचं, आशेचं आणि आपणही काही देतोय असं वाटणारं जगणं. म्हणजे लक्षण शून्यावर येईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवायचं नाही. काकूंचा मुलगा अजूनही मधूनमधून गप होतो आणि त्याला चप्पल पण घ्यायची आहे, दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आता एक काळजीचं. स्वभावाचा गुण जास्त झाला की तोच बोचतो. खतावणी ताई, तुम्ही वहीत कधी अडकलात का? विचारते कारण हिशोबी माणसं स्वतःला मार्क द्यायला लागतात. मायाळू माणसं सगळ्यांचं करता करता स्वतःच्या गोळ्या विसरतात. पॅनल दादांसारखी सावध माणसं रोज शंभर वेळा काटा पाहू लागली तर तीच चिंता होऊन बसते. आणि कुणाचं तपासणं थांबतच नसेल, तासन्‌तास जात असतील, तर तो स्वभाव नाही, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) असू शकतो, त्याला वेगळे उपचार आहेत.

इंटरनेटवर गुणांची प्रश्नावली मिळते, पीटरसन आणि सेलिगमन यांनी २००४ मध्ये २४ गुणांची मांडणी केली, सहा गटांत, त्यावरची. वाईट नाही ती. पण डिप्रेशन भरात असताना भरू नका असं मी सांगते. तेव्हा माणूस सगळीकडे स्वतःला कमीच मोजतो आणि चोविसावा गुण कोणता आला एवढंच वाचतो. त्यापेक्षा ताईंना विचारलेला प्रश्न मला आवडला, आता मीही विचारणार आहे.

खतावणी

अडकली होती ताई, बरोबर ओळखलं. दुसऱ्या महिन्यात मी आठवड्याचं एकूण मारायला लागली. जमा इतके, नावे इतके, तोटा इतका. सलग तीन आठवडे तोटा आला तर वही फेकून दिली कपाटावर. समुपदेशक ताईंनी विचारलं, दुकानात एका दिवशी तोटा झाला तर शटर कायमचं पाडता का? म्हटलं नाही, शिल्लक पुढे ओढतो. तर म्हणाल्या मग ओढा, एकूण मारू नका. तेव्हापासून माझ्या वहीत बेरीज नाही, फक्त नोंद.

रातकिडा
(रात्री २.१०)

सगळ्यांचं वाचलं. छान आहे. पण मला कोणी काहीच म्हणत नाही. माझ्यात ना गुण ना दुर्गुण. नंदनवनात रूम करून राहतो, एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट गेला, रूममेट पण सोडून गेला, घरी सांगितलं नाही अजून. दिवसभर झोपतो रात्रभर जागतो. उद्या सकाळ झालीच नाही तर बरं असं वाटते. असो. तुम्ही लोक चांगले आहात.

तिखट_तर्री
(रात्री २.१७)

भाऊ, नाईट ड्युटीवर आहे, जागी आहे. सरळ विचारते कारण सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला मोकळीक मिळते. जीव द्यायचा विचार येऊन राहिला का?

रातकिडा
(रात्री २.२४)

येते. आज काही करणार नाही. पण येते.

तिखट_तर्री
(रात्री २.२६)

सांगितलंस ते फार बरं केलं. आता माझं ऐक. १४४१६ लाव. टेली मानस आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. आत्ता लाव, झाल्यावर इथं फक्त "केला" लिही. आणि बिल्डिंगमध्ये कोणी ओळखीचं असेल तर त्याला उठव, एकटा राहू नको. कोणी चिडत नाही, मी नर्स आहे, मला माहीत आहे रात्री उठवलं तर लोक चिडत नाहीत. आणि विचार वाढला, स्वतःवर भरोसा नाही असं वाटलं तर सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठ, रात्री पण डॉक्टर असतात. मी इथंच आहे.

रातकिडा
(रात्री ३.०५)

केला. वीस मिनिटं बोललो. खालच्या मजल्यावरच्या दादाला उठवलं, तो आला आहे, चहा करून राहिला आहे.

तिखट_तर्री
(रात्री ३.०६)

शाब्बास रे. त्याच्याच रूमवर झोप आज.

पॅनल_ऑपरेटर
(सकाळी ६.४०)

आत्ता पाहिलं. भाऊ, उठला की लिही. दवाखान्यात कोणी सोबत नसेल तर मी येतो, दुपारनंतर मोकळा आहे. तर्री ताई, तुम्हाला सलाम.

जुना_महाल

काल रात्रीचे सकाळी वाचले. हात थरथरत आहेत म्हणून चुका होतील.

माझा एक धाकटा भाऊ होता. त्याला आम्ही सगळे एकलकोंडा म्हणत असू. त्याला माणसांत बरे वाटत नसे. जुने रेडिओ उघडून बसायचा तेव्हा मात्र चेहरा उजळायचा. तो उदास राहू लागला तेव्हा आम्ही त्याला ओढून ओढून लग्नाकार्यात नेले, मन रमेल म्हणून. रेडिओचा पसारा मीच भंगारात दिला, त्यातच डोकं घालून बसतो म्हणून. तो पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. कसा गेला ते लिहीत नाही. खतावणी ताई, तुम्ही मला जे लिहिले ते बरोबर लिहिले.

कन्हानकाठ

काका, तुम्ही हे लिहिलंत याला फार मोठं मन लागतं.

तुम्ही वाईटासाठी केलं नाही. त्या वेळी कुणालाच सांगितलं जात नव्हतं. १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवरा-बायकोनं लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, मुलं जन्मापासूनच वेगवेगळ्या स्वभावाची असतात, कुणी पटकन मिसळतं, कुणाला वेळ लागतो. त्यांचं म्हणणं असं की त्रास स्वभावातून येत नाही, स्वभाव आणि आजूबाजूच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला नाही की येतो. एकट्यात बरं वाटणाऱ्या माणसाला डिप्रेशन आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही हे खरंच, पण पन्नास जणांत पण न्यायचं नाही. एक माणूस, शेजारी, रेडिओ उघडून. तेवढं पुरतं बऱ्याचदा. आणि मन झालं की करेल अशी वाट पाहायची नसते, आधी हाताला थोडं काम, मन मागून येतं.

तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर तो १४४१६ तुमच्यासाठीही आहे काका. मागे राहिलेल्यांसाठीही असतो.

खतावणी

रातकिडा, दिवसा उजेडात एक विचारते. शाळेत मास्तर तुझ्यावर कशावरून चिडायचे?

रातकिडा

काकू हसू येईल. मॅडम म्हणायच्या तू प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतो. हे असंच काहून, ते तसं का नाही. दहावीत मला वर्गाबाहेर काढलं होतं कारण मी विचारलं की शून्यानं भागता येत नाही तर भागून पाहिलं कोणी. एमपीएससीच्या क्लासला पण सर म्हणाले प्रश्न कमी, पाठांतर जास्त.

खतावणी

मला हसू नाही आलं. फाटे फोडतो. सापडलं की रे. मग एक काम कर, दवाखान्यात जायच्या आधी डॉक्टरला विचारायचे सगळे फाटे कागदावर लिहून घे. सगळे.

रातकिडा
(नऊ दिवसांनी)

जाऊन आलो. पॅनल दादा सोबत होते, बाहेर बाकावर बसून राहिले दोन तास, मध्ये जाऊन माझ्यासाठी पोहे घेऊन आले.

अकरा प्रश्न लिहिले होते. डॉक्टर आधी घड्याळाकडे पाहून राहिले होते मग त्यांनी कागदच हातात घेतला. गोळीची सवय लागेल का? म्हणाले नशेच्या गोळीसारखी ओढ लागत नाही, पण एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करतात. किती दिवस? बरं वाटल्यावर पण निदान सहा ते नऊ महिने. पहिल्या आठवड्यात मळमळ का होते? होते काहींना, बहुतेक आठ-दहा दिवसांत जाते, जेवणानंतर घे, आणि सुरुवातीला बेचैनी किंवा ते विचार वाढले तर वाट न पाहता लगेच ये. पहिल्या महिन्याच्या गोळ्या खालच्या दादाकडे ठेवायला सांगितल्या, तो रोज एक देतो.

सातवा प्रश्न होता हे माझ्या आळसामुळे झालं का. ते म्हणाले नाही. मी म्हटलं कशावरून. तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, आळशी माणूस अकरा प्रश्न लिहून आणत नाही.

घरी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत फोनवर, पण रविवारी आले, डबा घेऊन, आईनं पुडाच्या वड्या दिल्या होत्या. परीक्षेचं कोणी काढलं नाही.

तिखट_तर्री

झोप कशी आहे?

रातकिडा

तीनला येते आता. आधी पाचला यायची. वहीत लिहून राहिलो काकूंसारखं, पण मला जमा-नावे जमत नाही, मी प्रश्न लिहितो. कालचा प्रश्न: सकाळी अंघोळ केली त्या दिवशी कमी वाईट वाटते की कमी वाईट वाटते म्हणून अंघोळ करतो? चार दिवस पाहीन मग सांगतो.

पुढची तारीख बुधवारची आहे. दादा, तुमचे ते पिवळे दिवे कोणते ठेवायचे हे पहिल्यांदा कसं ठरवलं? आणि बायको नसेल तर कुणाला सांगायचं?

पॅनल_ऑपरेटर

चांगला प्रश्न. आज ड्युटी आहे, सुटल्यावर सविस्तर लिहितो. तोवर खालच्या दादाला विचार की तू बिघडायच्या आधी त्याला काय वेगळं दिसलं होतं. आपल्याला आपले दिवे दिसत नाहीत, शेजारच्याला दिसतात.

संत्राबाग_आई

बुधवारी मी पण लेकराले घेऊन येऊन राहिली, त्याची पण तारीख आहे. रातकिडा बाळा, दवाखाना तोच असला तर सांग, डबा दोघांचा आणतो.